संरक्षण खरेदीत अजाइल आणायचंय, तर आधी काय शिकू?

प्रश्न : मी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लष्कराची खरेदी अजाइल पद्धतीने, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करत आणि वापरणाऱ्यांना विचारत सुधारत नेऊन, वेगवान करण्याच्या कामात मला करिअर करायचं आहे. अशा गटाचं काम मार्गी लावणाऱ्या ‘स्क्रम मास्टर’चं प्रमाणपत्र घेऊ का? बाबा म्हणतात, सरकारी फायलींपुढे कुणाचं काही चालत नाही.

उत्तर : प्रमाणपत्राची घाई करू नकोस. स्प्रिंट, म्हणजे अजाइलमधले दोनेक आठवड्यांचे छोटे टप्पे, चालवणं चांगल्या सॉफ्टवेअर कंपनीत वर्षभरात अंगवळणी पडतं.

बाबांचं म्हणणं खोटं नाही. भारतीय हवाई दलासाठी १२६ लढाऊ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली आणि २०१५ मध्ये ती प्रक्रियाच गुंडाळली गेली. पण वाट निघते. कतारमधल्या अल उदेद तळावर अमेरिकी हवाई दलाचे लोक इंधनवाहू विमानांचं वेळापत्रक फळ्यावर हाताने जुळवत. हवाई मोहिमा आखण्याची जुनी संगणक यंत्रणा बदलण्याचा मोठा प्रकल्प रखडत रखडत २०१७ मध्ये रद्द झाला. एका छोट्या गटाने मात्र फळ्यापाशी काम करणाऱ्यांना विचारत विचारत काही महिन्यांत ॲप तयार केलं. त्याच धडपडीतून बॉस्टनचं ‘केसल रन’ हे अमेरिकी हवाई दलाचं सॉफ्टवेअर केंद्र उभं राहिलं. अर्थात हे सॉफ्टवेअरचं झालं. तोफेची नळी दर पंधरवड्याला बदलता येत नाही.

आपल्याकडे खरी गाठ करारात आहे. निविदेआधी निकष गोठवले जातात, मग चाचण्या, मग किंमतीची बोलणी. मध्येच निकष बदलले, तर बाकीच्या कंपन्यांवर अन्याय झाला असा आक्षेप येतो, आणि तो रास्त असतो, कारण पैसा जनतेचा आहे. काम टप्प्याटप्प्याने स्वीकारता येईल आणि लेखापरीक्षणातही टिकेल, असा करार लिहिणारी माणसं मला हवीशी वाटतात. कोड समजणारी असतील तर फारच उत्तम. तू तशी हो.

त्यासाठी यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय संरक्षण लेखा सेवा (संरक्षण खर्चाचा हिशेब आणि तपासणी पाहणारी) हा मार्ग मला तुझ्यासाठी सर्वांत जवळचा वाटतो. त्या सेवेची प्रबोधिनी पुण्यातच आहे. संशोधनाची ओढ असेल तर गेट ही अभियांत्रिकीची परीक्षा देऊन डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था. गणवेश हवा असेल तर तांत्रिक शाखेतलं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांपुरतं अधिकारीपद, आहेच.

या सुट्टीत मात्र २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘आयडेक्स’ या संरक्षणातल्या नव्या कल्पनांना अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेतल्या एखाद्या स्टार्टअपमध्ये इंटर्नशिप मिळव. तिथे अनुदान टप्पे पूर्ण होतील तसं हप्त्यांनी मिळतं. कोडिंग करशीलच, पण एका हप्त्याची कागदपत्रं स्वतः तयार करायला माग. सोबत ‘संरक्षण संपादन प्रक्रिया २०२०’ ही लष्करी खरेदीची नियमावली वाचायला घे; अडशील तिथे त्या कंपनीतल्या निवृत्त अधिकाऱ्यांना विचार.