टोयोटा सिएनाची मागची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी): घरी बदलायची असेल तर

स्कॅनरवर मिसफायरचा (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्याचा) कोड पी०३०१, पी०३०३ किंवा पी०३०५ आला असेल तर दोष मागच्या रांगेत. टोयोटाच्या ३.५ लिटर व्ही-६ मध्ये १, ३, ५ हे सिलिंडर फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे) असतात आणि त्यांच्यावर इनटेक प्लेनम (सिलिंडरना हवा वाटणारा डबा) बसलेला असतो. पुढच्या तीन कॉइल दहा मिनिटांत निघतात. मागच्यांसाठी वायपर, काऊल (काचेखालचं आवरण) आणि प्लेनम, सगळं उतरवावं लागतं. सुट्टीचा अख्खा दिवस ठेवा. इंजिन लाइट लुकलुकत असेल तर तोवर गाडी चालवू नका, न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. प्रत्येक होज काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. प्लेनम निघाला की उघड्या पोर्टमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या भोकांत) लगेच स्वच्छ फडकी कोंबा. तिथे एखादा नट पडला तर कॉइल राहिली बाजूला, इंजिनच उघडावं लागेल.

कॉइलचा वायर-कनेक्टर हा खरा वैताग. उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. आधी कनेक्टर किंचित आत ढकला, मग खटका दाबा आणि सावकाश ओढा. वायर धरून ओढायचं नाही. कॉइल थोडी फिरवलीत की रबर सुटतं.

एवढं उघडलंच आहे तर मागचे तिन्ही स्पार्क प्लग बदलाच, प्लेनमचं गॅस्केटही नवं टाका. कॉइलच्या बोल्टला १० न्यूटन-मीटर पुरे. सर्वांत स्वस्तातली कॉइल मात्र घेऊ नका, पुन्हा हाच उपद्व्याप कोण करणार?