फॉर्मची तारीख जायच्या आधी

प्रिय बाळा,

काल तू खिशातून गुणपत्रिका काढलीस, तेव्हा तिच्या चार घड्या झालेल्या होत्या. अर्थशास्त्राच्या ओळीवरच घडी पडून आकडा पुसटला होता. "सर, बॅक राहिला," एवढंच बोललास आणि तास आहे म्हणून निघालास. तुला अजून बोलायचं होतं, हे मला दिसत होतं.

एका बॅकनं, म्हणजे एक विषय नापास राहिल्यानं, काही बिघडत नाही. आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत माग, म्हणजे कुठे चुकलास ते तुझं तुलाच दिसेल. त्या अर्जाला मुदत असते. बॅकच्या पेपरचा परीक्षा फॉर्म मात्र वेगळा भरावा लागतो, आणि हे कळायला मला एक वर्ष घालवावं लागलं. दुसऱ्या वर्षाला असताना मी कॉलेजच्या कार्यालयाच्या खिडकीवर विचारायला गेलो. "बोर्डावर बघ," म्हणाले. बोर्डावर एकावर एक सूचना डकवलेल्या, माझी सगळ्यात खाली. पुन्हा विचारायची लाज वाटली. आबांनी ज्वारीची दोन पोती विकून फी भरली होती. वर्ष गेलं हे त्यांना सांगायला मला दिवाळी उजाडली. म्हणून म्हणतो, एकदा उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्यांदा विचार. तरी नाही मिळालं तर माझ्याकडे ये.

मेजर-मायनरचंही, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय निवडण्याचंही, तसंच. बेगमपुऱ्यातल्या खोलीवरचे तिघंही राज्यशास्त्र घेतायत म्हणून तूही घेणार, असं कानावर आलं. एमपीएससीसाठी घेत असशील तर जरूर घे, पण आधी आयोगाचा आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून स्वतः वाच. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे वर्गातले 60 तास. एवढा वेळ ज्या विषयाला द्यायचा, तो मित्रानं का निवडावा?

आणि एक, जे तू बोलला नाहीस. औंदा सोयाबीन पाण्यात गेलं, घरून "बास झालं शिक्षण" असा फोन आला असेल, तर बॅग भरू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबता येतं, मिळवलेली क्रेडिट तुझ्या नावच्या खात्यात जमा राहतात, हे खरं. पण पेपर अडकलेला असेल तर ते प्रमाणपत्रही हाती पडत नाही. थांबण्याआधी आपल्याकडे कितीतरी वाटा आहेत: महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती, वसतिगृह, 'कमवा आणि शिका' योजना. त्या तुझ्या नावासाठी उघड्या आहेत का, ते आपण दोघं बसून बघू. वडिलांशी मी बोलेन, फक्त त्यांचा नंबर दे.

गुरुवारी दुपारी तीननंतर मी मोकळा असतो. गुणपत्रिका, दोन्ही अभ्यासक्रम, उत्पन्नाचा दाखला असेल तर तो, आणि बँकेचं पासबुक आण. सोबत एक कोरी वही घे. पहिल्या पानावर सगळ्या फॉर्मच्या तारखा लिहू.

तुझे,
सर