लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी स्कोप एमओएचा घ्यावा की मिलचा?

तुमचा भाऊ न्यूझीलंडला असतो, परवाना काढून डोंगरात हरणांच्या शिकारीला जातो आणि नवा स्कोप (बंदुकीवरची नेमाची दुर्बीण) घेताना एमओए की मिल या मापांत अडकलाय, असं तुम्ही विचारलंय. मी साताऱ्याचा, तोफखान्यातून निवृत्त झालेला. त्याला मिल घ्यायला सांगा.

मिल जास्त अचूक असतो असं काही नाही. दोन्ही कोनच मोजतात. एका अंशाचा ६०वा भाग म्हणजे एमओए, १०० यार्डांवर तो १.०४७ इंच भरतो. मिल म्हणजे हजारास एक: १०० मीटरवर १० सेंटिमीटर, हजारावर एक मीटर. (तोफखान्यात आम्ही वर्तुळाचे ६४०० मिल धरायचो. स्कोपमधला मिल खरा मिलिरेडियन, तो वर्तुळात ६२८३ वेळा बसतो.) टरेटची (स्कोपवरच्या, नेम वर-खाली सरकवणाऱ्या फिरत्या बटणाची) एक क्लिक बहुतेक पाव एमओए किंवा ०.१ मिल असते, म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ किंवा १० मिलिमीटर. कागदावर गोळ्या जुळवणाऱ्याला तो फरक महत्त्वाचा, हरणाच्या छातीसाठी नाही. ज्याचं डोकं यार्ड-इंचात चालतं त्यानं खुशाल एमओए घ्यावा. पण न्यूझीलंडमध्ये मीटर चालतो, आणि मीटर-मिलचा हिशोब तोंडी होतो.

मी पुतण्याला कालव्याच्या सरळ रस्त्यावर मिलच्या खुणांची दुर्बीण दिली होती. पलीकडे त्याचा बाप १.८ मीटरची काठी उभी धरून थांबला. पोरानं काठी साडेचार मिलांत बसवली. काठीचे १८०० मिलिमीटर भागिले ४.५, अंतर ४०० मीटर. पावलांनी मोजलं, तेवढंच निघालं. मात्र त्यानं ४.३ वाचलं असतं तर उत्तर ४१९ आलं असतं. म्हणून भावाकडं लेझर रेंजफाइंडर हवाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेटिकल (स्कोपच्या आत दिसणाऱ्या नेमाच्या खुणा) आणि टरेट दोन्ही एकाच मापाचे हवेत. जुन्या स्कोपमध्ये आत मिलचे ठिपके आणि वर एमओएचा टरेट असायचा. नोकरीत असताना असाच एक स्कोप माझ्या हाती आला. ३०० मीटरवर गोळी दीड मिल खाली लागली, मी सवयीनं १५ क्लिक वर घेतल्या. एक मिल म्हणजे ३.४४ एमओए, त्यामुळं तिथं २१ क्लिक लागत होत्या. पुढची गोळी तरीही १२ सेंटिमीटर खालीच गेली. समोर कागद होता म्हणून निभावलं. जिवंत जनावर असतं तर छातीऐवजी पाय फुटला असता आणि ते रात्रभर झाडीत तडफडलं असतं. शिकार करायचीच तर जनावर जागेवर पडलं पाहिजे, यात मी तडजोड मानत नाही.

शिवाय रेटिकल फर्स्ट फोकल प्लेनमधलं घ्यावं, म्हणजे झूमबरोबर खुणाही लहानमोठ्या होणारं. सेकंडमध्ये खुणा तेवढ्याच दिसतात, त्यामुळं झूम बदलला की त्यांचं माप बदलतं.

(वाचणाऱ्या इतरांसाठी: आपल्याकडं १९७२च्या कायद्यानं शिकार बंद आहे. कोयना-चांदोलीच्या रानात कॅमेरा घेऊन जा.)

स्कोप बसवून झीरो केला (नेम धरला तिथंच गोळी लागेल असा जुळवला) की १०० मीटरवर उंच कागदावर ओळंब्यानं उभी रेघ मारायची. खालच्या ठिपक्यावर नेम धरून ५ मिल वर घ्यायचे. गोळी रेघेवरच ५० सेंटिमीटर वर लागायला हवी, आणि टरेट परत शून्यावर आणला की पुन्हा ठिपक्यात. तसं होत नसेल तर स्कोप दुकानात परत द्यायचा.