भित्तिचित्रांचे पोपडे का निघतात?

प्रश्न : टास्मानियातलं शेफील्ड हे छोटं गाव भिंतींवरच्या चित्रांसाठी ओळखलं जातं. आमच्या शाळेच्या चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या कुंपणावर ऑइल पेंटने काढलेल्या चित्रांचे मात्र पहिल्याच पावसात पोपडे निघाले. तिथली टिकतात कशी?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : शेफील्डमध्ये पहिलं चित्र १९८६ साली झालं, कॅनडातल्या शमेनस गावातली भित्तिचित्रं पाहून. पण तिथे सगळंच भिंतीवर नाही. वार्षिक स्पर्धेतली चित्रं उद्यानातल्या मोठ्या फलकांवर काढतात आणि पुढच्या स्पर्धेपर्यंतच ठेवतात. तुम्हालाही हे जमण्यासारखं आहे : सिमेंटचे सपाट पत्रे भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडून बसवा, भिंतीतली ओल चित्रापर्यंत येणारच नाही.

भिंतीवरच काढायचं असेल, तर आधी ऑइल पेंट पूर्ण खरवडा. सिमेंटमधल्या क्षाराने तेलाचा साबण होतो आणि रंग सुटतो. शिवाय चिरा पाणी पितो. ते वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि तेलाचा थर वाट अडवतो. म्हणून ॲक्रिलिक एक्स्टिरिअर इमल्शनच (बाहेरच्या भिंतींसाठीचा, पाण्यात मिसळणारा रंग) घ्या. वरून चकचकीत वार्निश मारायचा मोह टाळा, त्यानेही तेच होतं.

पाणी बहुतेक वेळा वरून शिरतं. भिंतीच्या माथ्यावर दोन्हीकडे दोन-दोन इंच पुढे येणारी, उताराची कोपिंग करा आणि तिच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवा. जमिनीलगतचा दीड-दोन फूट पट्टा चित्राविना सोडा. लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा पांढरा क्षार, तिथेच फुटतो. फुटलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर क्षार पुन्हा आत जातात.

नवा गिलावा असेल तर किमान २८ दिवस थांबा. मग दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले, तर भिंत तयार नाही. कोकणात डिसेंबरआधी घाई नको. भेगा भरायला पीओपी चालणार नाही, बाहेरच्या कामाची पुट्टीच हवी.

दहा बाय वीस फुटांच्या भिंतीला क्षाररोधक प्रायमर साधारण तीन लिटर आणि पार्श्वभूमीच्या दोन हातांना चार लिटर इमल्शन लागेल. पश्चिमेच्या भिंतीवर भडक गुलाबी, जांभळा लवकर उडतो. गेरू, पिवळी माती, काळा टिकतात.