अमेरिकेत पगारी कर्मचाऱ्याला ओव्हरटाइमसाठी पात्र ठरवल्यास त्याला तासाच्या दरावर आणावेच लागते का?
नाही, तशी सक्ती नाही. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट या वेतन आणि ओव्हरटाइमविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार ठरलेला पगार कायम ठेवता येतो. मात्र कामाच्या तासांची नोंद ठेवून, आठवड्यात ४० तासांपुढील प्रत्येक तासाला नियमित दराच्या किमान दीडपट मोबदला द्यावा लागतो. ४० तासांसाठी आठवड्याला ८०० डॉलर पगार असेल, तर नियमित दर २० आणि ओव्हरटाइमचा दर ३० डॉलर होतो. हुद्दा ‘मॅनेजर’ असला तरी त्याने ओव्हरटाइमची पात्रता ठरत नाही. प्रत्यक्ष काम आणि पगार पाहिला जातो. कर्मचाऱ्याला आधीपासूनच चुकीने ओव्हरटाइमसाठी अपात्र धरले असेल, तर २ वर्षांची आणि कायदा जाणूनबुजून मोडला असेल तर ३ वर्षांची थकबाकी मागता येते, त्यामुळे केवळ पुढच्या तारखेपासून बदल करून मालकाची सुटका होत नाही.