पोळी-भाजी केंद्र उघडू, एफडी मोडू की कर्ज काढू?

भांडुपच्या एका ताईंचं पत्र आहे. वय 44, भाड्याच्या गाळ्यात पोळी-भाजी केंद्र चालवतात. बरीच वर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर काढली. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येणार, म्हणून दोन उशा लावून झोपायचं. शेवटी तपासणीत हायटस हर्निया निघाला (पोट आणि छातीमधल्या पडद्यातून, म्हणजे डायफ्राममधून, जठराचा वरचा भाग छातीत सरकतो) आणि तीन आठवड्यांपूर्वी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. डिस्चार्ज कार्डावर 'निसेन फंडोप्लिकेशन' लिहिलंय, म्हणजे जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवायचा, जेणेकरून आम्ल वर येऊ नये. बिल 3,40,000. विमा कंपनीने 2,12,500 दिले. उरलेल्या 1,27,500 पैकी 70,000 क्रेडिट कार्डावर गेले आणि 57,500 नणंदेने दिले. सध्या ताई गुरगुट्या भात, मुगाचं पातळ वरण आणि नाचणीच्या आंबिलीवर आहेत. "लोकांना पोळ्या करून घालते आणि मलाच पोळीचा तुकडा घशाखाली उतरत नाही," असं लिहितात.

प्रश्न तीन आहेत. मुलाच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी ठेवलेली 4 लाखांची एफडी मोडू का? बँकेकडून 2 लाखांच्या पर्सनल लोनचा फोन येतोय, ते घेऊ का? की हे सगळं टाळून येत्या सोमवारीच केंद्र उघडू? जाता जाता चौथाही आहे: एजंट म्हणतो ही पॉलिसी सोडा, नवी 10 लाखांची घ्या.

ताई, आधी सोमवारचं. उघडायचं असेल तर उघडा, पण पातेल्याला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलू नका असं लिहून दिलंय आणि तुमच्या धंद्यात वजनाशिवाय दुसरं आहे काय? कणकेची गोणी, भाताचं टोप, सिलिंडर सरकवणं, आणि रोज दहा किलो कणीक तिंबताना पोटावर येणारा ताण. ही शिवण डायफ्रामजवळ आहे. पोटात जोर आला की तिच्यावर ताण येतो. गुंडाळी सरकली किंवा हर्निया परत वर आला तर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते, आणि ती पहिलीपेक्षा अवघड असते. हा वैद्यकीय भाग तुमचे सर्जन मला शिकवतील. माझा भाग एवढाच की तुमची पॉलिसी 5 लाखांची आहे. त्यातले 2,12,500 या वर्षात वापरून झाले. दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं तर विम्यात 2,87,500 शिल्लक आहेत आणि पहिलंच बिल 3,40,000 होतं.

आता घरी बसण्याचा खर्च बघू. पत्रातून मला असं जाणवलं की हा आकडा तुम्ही काढलेलाच नाही, नुसती धास्ती घेतली आहे. माल आणि गॅस वजा जाता केंद्रातून महिन्याला 61,000 सुटतात. त्यातून गाळ्याचं भाडं 14,000 आणि मदतनीस बाईंचा पगार 9,000 गेला की तुमच्या हातात 38,000. केंद्र पूर्ण बंद ठेवलं तर भाडं द्यावंच लागणार आणि बाईंना निम्मा पगार दिला नाही तर त्या दुसरीकडे जाणार. म्हणजे महिन्याला 18,500 खिशातून.

त्याऐवजी तुमच्याच चाळीतल्या ज्या ओळखीच्या बाई 13,000 मागताहेत, त्यांना दीड महिन्यासाठी घ्या. नाश्त्याचे पदार्थ आणि ऑर्डरी बंद, फक्त महिन्याचे डबे आणि संध्याकाळच्या पोळ्या. धंदा निम्मा झाला असं धरू: 30,500 सुटतील, त्यातून भाडं 14,000, दोघींचे पगार 22,000. तोटा 5,500. बंद ठेवण्यापेक्षा महिन्याला 13,000 कमी जातात. शिवाय डब्याचं गिऱ्हाईक टिकतं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. मुंबईत एकदा दुसऱ्याचा डबा सुरू झाला की ते गिऱ्हाईक तुमच्या दारात परत येणं कठीण. डॉक्टर हो म्हणाले तर तुम्ही गल्ल्यावर बसा, मीठ-तिखट सांगा, हिशेब बघा. फोडणीच्या धुरात मात्र नको. खोकल्यानेही पोटावर ताण येतोच.

घरखर्च 42,000, यजमानांचा पगार 31,000. म्हणजे घरात महिन्याला 11,000 कमी पडणार. तोटा आणि तूट मिळून 16,500. पुढचा दीड महिना धरला तर 25,000 च्या आतबाहेर. ताई, तुमच्या विश्रांतीची किंमत एवढीच आहे. यासाठी 2 लाखांचं कर्ज लागत नाही आणि 4 लाखांची एफडी मोडावी लागत नाही.

तातडीचं ओझं दुसरंच आहे, कार्डावरचे 70,000. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 2,450 रुपये व्याज, वर जीएसटी. 'मिनिमम ड्यू' भरलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याने फक्त लेट फी वाचते, व्याज चालूच राहतं. देय तारखेच्या आत हे पूर्ण फेडायचं.

पैसे कुठून? ज्या बँकेत एफडी आहे तिथेच त्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून ठरलेल्या मर्यादेत लागतील तेवढे पैसे काढायचे. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं. तुमची एफडी 7 टक्क्यांची आहे, तेव्हा साडेआठ धरू. कार्डाचे 70,000 आणि विश्रांतीचे 25,000 मिळून 95,000 सहा महिने वापरले तरी व्याज 4,000 च्या आसपास. मर्यादा मात्र दीड लाखाची मंजूर करून घ्या. व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं, आणि या शस्त्रक्रियेनंतर काहींना गिळण्याचा त्रास लांबतो, एंडोस्कोपीतून तो भाग रुंद करावा लागतो. तशी वेळ आली तर कार्ड पुन्हा घासायला नको.

पर्सनल लोन 15 टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी: हप्ता 6,933, एकूण व्याज जवळजवळ 49,600, प्रोसेसिंग फी वेगळी. घरात 4 लाखांची ठेव पडलेली असताना हे घेण्याचं एकही कारण मला सापडलं नाही.

एफडी मोडण्याबद्दल मी लोकांइतका कडक नाही. दंड बहुधा एका टक्क्याच्या घरात असतो, त्यामुळे निव्वळ आकड्यांत ओव्हरड्राफ्ट आणि मोडणं यांत फार फरक पडणार नाही. बँकेने ओव्हरड्राफ्टला महिनाभर खेटे घालायला लावले तर खुशाल मोडा. माझा कल ओव्हरड्राफ्टकडे आहे तो एवढ्यासाठी की मोडलेल्या 4 लाखांतले तीन बचत खात्यात येऊन बसतील, आणि बचत खात्यातल्या पैशाला घरात सगळ्यांचे हात लागतात. फी जूनमध्ये भरायची आहे, अजून पाच महिने आहेत. दीड-दोन महिन्यांनी केंद्र पूर्ववत झालं की 38,000 आणि 31,000 मधून घरखर्च जाऊन 27,000 उरतात. तीन महिन्यांत 81,000. बाकीचे विमा कंपनीकडून यायला हवेत.

आता त्या विमा कंपनीकडे वळू, कारण तुमचं बिल आणि सेटलमेंटचं पत्र शेजारी ठेवून पाहिल्यावर मला एक गोष्ट खटकली. तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000, तुम्ही घेतलेली सिंगल रूम 8,000 ची. मर्यादा ओलांडली की फक्त वरचे 3,000 कापतात असं वाटतं, पण बाकीच्या खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. 5 भागिले 8 म्हणजे साडेबासष्ट टक्के. आणि 3,40,000 चे साडेबासष्ट टक्के किती? बरोबर 2,12,500. म्हणजे कंपनीने (की तिच्या वतीने दावे बघणाऱ्या टीपीए संस्थेने) अख्खं बिल एकाच सुरीने कापलंय.

तसं करता येत नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2020 पासूनच्या नियमांनुसार ही प्रमाणशीर कपात औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट, उपकरणं आणि तपासण्या यांना लावायची नसते. तुमच्या बिलात औषधं-कन्झ्युमेबल्स 68,000, तपासण्या 22,000, जाळी आणि उपकरणं 30,000, झाले 1,20,000. कात्री लागायला हवी ती खोली, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटरच्या 2,20,000 ला. त्याचे साडेबासष्ट टक्के 1,37,500, अधिक 1,20,000, एकूण 2,57,500. फरक 45,000 चा. हातमोजे, फाईलचे पैसे असल्या न मिळणाऱ्या गोष्टी वजा केल्या तरी 35,000 च्या पुढे मागणी टिकावी. आणखी एक: हॉस्पिटल जर खोलीच्या दर्जानुसार वेगवेगळे दर लावत नसेल तर ही कपात मुळात लागूच होत नाही. बिलिंग काउंटरवरून दरपत्रक मागून घ्या.

कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा, वरची आकडेमोड तशीच्या तशी टाका, पोच जपून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. भांडुप लोकपालांच्या ठाण्याच्या कार्यालयाकडे येतं. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेवा.

दाखल होण्याआधी तुम्ही मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजतात ती) आणि 24 तासांची पीएच तपासणी (आम्ल किती वर येतं ती) बाहेरच्या सेंटरमध्ये स्वतःच्या पैशाने केली होती. त्याची बिलं दिलीत का? पत्रात उल्लेख नाही. तुमच्या पॉलिसीत दाखल होण्याआधीचे 30 आणि घरी आल्यानंतरचे 60 दिवस धरलेले आहेत. औषधं, फेरतपासणीची फी, हे सगळं त्यात बसतं. फक्त डॉक्टरांची चिठ्ठी आणि पक्कं बिल सोबत हवं. 60 दिवस संपले की कागद देण्याची मुदत छोटी असते, ती पॉलिसीत बघून कॅलेंडरवर लिहा.

एजंटचं ऐकू नका. नव्या पॉलिसीत हा आजार आधीपासूनचा धरला जाईल आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येतं. तुमची पॉलिसी सलग सहा वर्षं चालू आहे. पाच वर्षं सलग झाली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला जुनी माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही. ही कमाई एजंटच्या कमिशनपायी सोडायची? आणि क्लेम घेतला म्हणून नूतनीकरण नाकारताही येत नाही. बदलायचंच असेल तर पोर्ट करा, म्हणजे झालेली वर्षं न गमावता पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्या, अर्ज नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी, शस्त्रक्रिया स्पष्ट लिहून. माझ्या मते आधी याच कंपनीला खोलीभाड्याची मर्यादा काढायचा जादा प्रीमियम विचारा. मग सुपर टॉप-अप बघा, म्हणजे वर्षातला खर्च 5 लाखांच्या वर गेला की वरचा भाग देणारी जोड पॉलिसी.

गोळ्या बंद झाल्या की तेवढे पैसे वाचतील असं तुम्ही लिहिलंय. वाचतील, पण बजेटमध्ये धरू नका. काही वर्षांनी काहींना गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागतात.

नणंदेचे 57,500 फी भरून झाल्यावर, दिवाळीपर्यंत द्या. त्या घाई करत नाहीत म्हणून कागदावर काही लिहायचं नाही असं मात्र करू नका. रक्कम आणि महिना लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. घरातल्या घरात असं लिहून देणं कसंतरीच वाटतं, ठाऊक आहे.

राहता राहिले ते पाच डबेवाले ग्राहक, ज्यांनी महिन्याचे मिळून 11,000 आगाऊ दिलेत. त्यांना आजच फोन करा. सोमवारपासून पहिले डबे त्यांचेच भरा, बंद राहिलेले दिवस पुढे वाढवून द्या, आणि ज्याला थांबायचं नसेल त्याचे पैसे त्याच दिवशी परत करा, ओव्हरड्राफ्टमधून काढावे लागले तरी.