खरंच जिवाला धोका असेल तर माणूस चोरून सीमा का ओलांडतो? व्हिसा काढून सरळ का येत नाही?

(मूळ प्रश्न अमेरिकेच्या दक्षिण सीमेबद्दल आहे: चोरून घुसणारे पकडले गेले की लगेच आश्रय मागतात, हे ढोंग नाही का?)

कारण तसला व्हिसाच नसतो. उत्तर खरं तर इथेच संपतं, पण मला ते पुण्यात कोंढव्यातल्या एका भाडेकरूमुळे कळलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

2019 मध्ये माझा कोंढव्यातला फ्लॅट मी एका अफगाण विद्यार्थ्याला दिला. तेव्हा परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने 24 तासांत त्याची माहिती देणारा सी-फॉर्म भरायचा असे, तो भरला. एफआरओमधली, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयातली, नोंदणी त्याने स्वतः करून घेतली, कागद एकदम चोख. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तरी मला ऐकवलंच, "हे लोक एकदा आले की जात नाहीत हो." मी म्हटलं, डिग्री झाली की जाईल.

15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हातात गेलं आणि माझं बोलणं खोटं ठरलं. एकही सीमा न ओलांडता, कोंढव्याच्या त्याच खोलीत बसल्या बसल्या, तो परत न जाऊ शकणारा माणूस झाला. आला कसा हा एक प्रश्न आणि परत पाठवला तर त्याचं काय होईल हा दुसरा. आपण दोन्ही एकाच मापाने मोजतो.

त्याच्या बहिणीचं तर आणखी विचित्र. तिला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळालेला, पासपोर्टवर भारताचा व्हिसा लागलेला. 25 ऑगस्टला सरकारने देशाबाहेर असलेल्या सगळ्या अफगाणांचे आधीचे व्हिसे रद्द केले, कारण काही पासपोर्ट गहाळ झाल्याच्या बातम्या होत्या. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. आता नव्याने ई-व्हिसा मागायचा. तिने मागितला. माझा भाडेकरू मला रोज मोबाइलवर दाखवायचा, अर्ज प्रलंबित. तुम्ही म्हणता तो सरळ मार्ग तिने धरलाच होता की.

आता अमेरिका. तिथे पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीत अधिकारी धरूनच चालतो की हा माणूस तिकडेच राहणार. तसं नाही हे तुम्ही पटवून द्यायचं. तिथे कुणी "माझ्या जिवाला धोका आहे" म्हणालं तर व्हिसा हमखास नाकारला जाणार. वकिलातीत आश्रयाचा अर्ज घेत नाहीत. त्यासाठी अमेरिकेच्या भूमीवर किंवा सीमेच्या फाटकावर उभं राहावं लागतं. निर्वासित म्हणून दुसऱ्या देशातल्या छावणीतून निवड होऊन जाता येतं, पण जगातल्या निर्वासितांपैकी एक टक्कासुद्धा तसे जात नाहीत. म्हणून 1980 च्या त्यांच्या कायद्याने ठेवलं की माणूस फाटकातून आलेला असो वा नसो, आश्रय मागू शकतो. चोरून शिरणं गुन्हाच आहे, पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद. गुन्हा वेगळा, आश्रय वेगळा.

ढोंगी नसतात असं मात्र नाही. भरपूर असतात. आश्रय मिळतो तो वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपायी छळ होत असेल तर. गरिबी त्यात बसत नाही. आपल्याकडचे जे लोक एजंटाला चाळीस-पन्नास लाख रुपये देऊन 'डंकी' मार्गाने, म्हणजे चोरवाटांनी, गेले, ते बहुतेक कामासाठीच गेले. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने अशा 104 भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडलं. माझा भाचा न्यू जर्सीत आहे, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डात, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यांत, एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे बारा वर्षं रांगेत. त्या दिवशी त्याचा फोन आला, "बरं झालं मामा." त्याचा राग मला कळतो. फक्त तो ज्या रांगेत आहे ती नोकरीची आहे. जीव वाचवायला निघालेल्यांसाठी ती खिडकीच नाही.

माझ्या मते खरं दुखणं कुंपणाचं कमी आणि तारखांचं जास्त. तिथल्या इमिग्रेशन कोर्टांत तीस लाखांहून जास्त प्रकरणं तुंबली. निकालाला वर्षं लागणार आणि अर्ज करून सहा महिने झाले की कामाचा परवाना मिळणार, असं चालत आलं. मग खोटा अर्ज करणाऱ्याचं नुकसान काय? निकाल लागेपर्यंत तो एजंटाचे पैसे फेडून मोकळा. आपल्या दिवाणी दाव्यांत कब्जा ज्याचा त्याला घाई नसते, तसंच. हाल खऱ्याचे होतात; बायकापोरं मागे अडकलेली, हा तारखा मोजतोय.

कडक धोरणाने काहीच होत नाही, हेही खरं नाही. डिसेंबर 2023 मध्ये दक्षिण सीमेवर चोरून शिरताना सुमारे अडीच लाख लोक पकडले गेले. 2025 मध्ये महिन्याचा आकडा दहा हजारांच्या आत आला. पण हे निवडून-पाखडून झालं नाही. जून 2024 पासून बायडेन यांनी आणि जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी सीमेवर आश्रय मागण्याची वाटच बंद करत आणली. सुक्याबरोबर ओलंही जळलं.

आपल्याकडे तर हा वादही नीट होत नाही, कारण 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही नाही. बांधकामाच्या साइटवर बांगलादेशी पकडले की आपण बातमी वाचतो, पान उलटतो. माझ्या भाडेकरूचं भागलं ते व्हिसाच्या मुदतवाढीवर. एक संपली की दुसरी. प्रत्येक वेळी तो माझ्याकडून भाडेकरार घेऊन जायचा, आणि परत आला की आधी सेक्रेटरींना कागद दाखवायचा. त्यांनी मागितला नसला तरी.

बहिणीचा ई-व्हिसा आला नाही. पुढच्या वर्षी कळलं की ती इराणमध्ये पोहोचली आहे. सीमा कशी ओलांडली ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.